प्रेशर आलं का?

सोनोग्राफीला पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी एक प्रवेशिका

आधी माझी पात्रता सांगतो. मी डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, लॅबवालाही नाही. मी 'पेशंटबरोबर आलेला' आहे. आमच्या भावकीत मोटारसायकल आणि इंग्रजीची अक्षरओळख या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडं असण्याचा योग फक्त माझ्या पत्रिकेत होता. त्यामुळं गेली वीस वर्षं धाराशिव, बार्शी, सोलापूर आणि लातूर इथल्या दवाखान्यांच्या बाकड्यांवर मी जितके तास काढलेत, तितके शाळेच्या बाकावर काढले असते तर आज मीच कुणालातरी तपासणी लिहून दिली असती. तुम्हाला एका तपासणीला तीन चकरा पडत असतील तर त्या दोनवर आणाव्यात, एवढाच या प्रवेशिकेचा हेतू आहे. एका चकरेत काम झालेलं मी पाहिलेलं नाही.

पाठ पहिला: उपाशी म्हणजे काय

ज्या जिल्ह्यात तुळजापूर आहे त्या जिल्ह्याला उपाशी राहायला काय शिकवायचं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. नवरात्रात उपवास धरणाऱ्या बायका इथं घरोघरी आहेत. कुणी घट बसताना आणि उठताना, कुणी नऊच्या नऊ दिवस. पण सगळा घोटाळा तिथंच होतो. आपल्याकडं उपवास म्हणजे न खाणं नव्हे, वेगळं खाणं. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळं, आणि अधूनमधून चहा. डॉक्टर 'उपाशीपोटी या' म्हणतात तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर हीच यादी येते.

माझी मावशी येरमाळ्याच्या अलीकडं एका खेड्यात राहते. उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणून तिला पोटाची सोनोग्राफी सांगितली. सकाळी नऊला आम्ही धाराशिवात हजर. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं,

"मावशी, सकाळपासून काही खाल्लं का?"

"न्हाई बाई. उपाशीच हाय."

"चहा?"

"च्या घेतला की. च्या काय खाणं हाय व्हय?"

"त्याच्याबरोबर काही?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. "दोन बिस्किटं. नुसता च्या जळतो पोटात."

मुलीनं रजिस्टर मिटलं आणि उद्याचा नंबर दिला. परतीच्या वाटेवर मावशी येडशीपर्यंत एकच वाक्य म्हणत होती, की निर्जळा एकादशी धरणाऱ्या बाईला कालची पोर उपाशी कसं राहायचं ते शिकवते.

पोर बरोबर होती. यकृताच्या खाली पित्ताशय नावाची छोटी पिशवी असते. आपण उपाशी असतो तेव्हा ती पित्तानं भरून टम्म होते, आणि अशी भरलेली असली तरच तिच्यातले खडे नीट दिसतात. पोटात स्निग्ध काही पडलं की ती आकसते आणि पित्त आतड्यात सोडून देते. पडलेला पदार्थ उपवासाला चालतो की नाही, याची चौकशी ती करत नाही. दुधाचा चहा, खिचडीतले शेंगदाणे, भूम तालुक्यातून कुणी आणलेल्या कुंथलगिरीच्या पेढ्याचा 'एवढासा' तुकडा, सगळं तिला सारखंच. म्हणून पोटाच्या सोनोग्राफीला सहा ते आठ तास काही खायचं नाही. रात्री हलकं जेवा, सकाळी थेट जा. साधं पाणी बहुतेक ठिकाणी चालतं, पण विचारून घ्या.

दुसरं कारण वाऱ्याचं. सोनोग्राफी हा फोटो नाही. हाक आणि पडसाद आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हे यंत्र वीस लाखांपासून दीड कोटीपर्यंत कंपनांचा आवाज पोटात सोडतं आणि आतून परत आलेल्या पडसादावरून चित्र काढतं. तो आवाज पाण्यातून आणि मांसातून सुखानं जातो. हवा आडवी आली की तिथूनच माघारी फिरतो. कातडी आणि यंत्राची मूठ यांच्यामध्ये केसभरही हवा राहू नये म्हणून तर पोटावर तो गार, बुळबुळीत जेल फासतात. (मावशी त्याला शेंबूड म्हणते. यापेक्षा अचूक शब्द मला सापडलेला नाही.)

ही विद्या डॉक्टरांनी कारखान्यातून उसनी आणली आहे. ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड १९५५ साली बॉयलर बनवणाऱ्या एका कंपनीत गेले. सोबत ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी होत्या आणि ताडून बघायला मांसाचा एक मोठा तुकडा. लोखंडातली भेग शोधायच्या यंत्रावर त्यांनी हे सगळं धरून पाहिलं. १९५८ साली त्यांचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पोटात हाताबाहेर गेलेला कॅन्सर आहे असं ज्या बाईला सांगितलं होतं, तिच्या पोटात या यंत्रानं अंडाशयावरची पाण्यानं भरलेली भली मोठी गाठ दाखवली. ती काढली आणि बाई वाचली. त्या बाईला कुणी सकाळी चहाबद्दल विचारलं होतं का, ते निबंधात नसावं.

हवेचा मुद्दा निघालाच आहे तर एक स्थानिक सूचना. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दुसऱ्या दिवशीची तारीख घेऊ नका. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, मग शेतातच बसून भज्जी, आंबील, उंडे, बाजरीची भाकरी, खीर. भज्जीत जिल्ह्यात पिकणारी झाडून सगळी कडधान्यं असतात आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोटात चर्चा करत असतात. डॉक्टर मूठ दाबून दाबून थकतात आणि रिपोर्टात 'एक्सेसिव्ह बॉवेल गॅस' असं येतं. ते वाचून घाबरून मला फोन करणाऱ्यांची संख्या जानेवारीत वाढते. तो आजार नाही, ती भज्जी आहे.

तंबाखूवाल्यांसाठी: 'गिळली न्हाई, नुसती धरलीय' हा बचाव चालत नाही. चघळताना माणूस हवा गिळत राहतो. मिश्री लावणाऱ्या बायकांनाही हाच नियम.

आता जे उपाशी राहू नये तेही राहतात, त्यांच्यासाठी. दिवस गेलेल्या बाईच्या पाचव्या महिन्याच्या आणि पुढच्या सोनोग्राफीला उपाशी जायची गरज नसते. तरी सासू तिला पहाटेपासून कोरडी ठेवते आणि दुपारी बाराला ती बाकड्यावर चक्कर येऊन कलंडते. तिला जेवून न्या. शुगरवाल्यांनी इन्सुलिन किंवा गोळी घेऊन वर उपाशी राहण्याचा पराक्रम करू नये. त्या सकाळी औषध घ्यायचं की नाही ते आदल्या दिवशी डॉक्टरला विचारा आणि सकाळचा पहिला नंबर मागून घ्या. ही एवढी ओळ मी गंमत म्हणून लिहिलेली नाही.

पाठ दुसरा: पाणी पिणे आणि न सोडणे

गर्भाशय, ज्याला आपल्याकडं नुसतं 'पिशवी' म्हणतात, मूत्राशय आणि पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी बघायची असेल तर लघवी भरलेली लागते. भरलेलं मूत्राशय आतड्यांना बाजूला सारतं आणि स्वतः पाण्याची खिडकी होतं. त्या खिडकीतून डॉक्टर मागचं बघतात. साधारण तासभर आधी लिटरभर पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं. वाचायला सोपं आहे.

पहिली अडचण पाण्याची. 'भरपूर पाणी प्या' हे वाक्य मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात सहज बोलणारा डॉक्टर बाहेरून बदलून आलेला असतो. इथं पेशंट पाण्याच्या बाटलीकडं आधी किंमत म्हणून बघतो. घरून भरून न्या.

दुसरी अडचण वेळेची. तुम्ही पाणी पिता तेव्हा तुमचा नंबर सातवा असतो आणि आत चौथा चालू असतो. मूत्रपिंडांना हे गणित देऊन ठेवलेलं असतं. इतक्यात ॲम्ब्युलन्समधून कुणीतरी येतं, मग डॉक्टरांच्या ओळखीचं कुणीतरी, मग लाईट जाते. दर दहा मिनिटांनी दार उघडून सिस्टर बाहेर डोकावते आणि भर हॉलमध्ये, सासरे-सुना, व्याही-विहिणी बसलेल्या असताना विचारते, "प्रेशर आलं का?" या प्रश्नाला उत्तर देण्याची लाज पहिल्या वेळी वाटते. दुसऱ्या वेळी माणसं हात वर करतात. मी एका रिटायर्ड मुख्याध्यापकांना उभं राहून, "आलं, पण टिकेल असं वाटत नाही," असं सांगताना ऐकलंय.

मग येतो या अभ्यासक्रमातला सर्वांत कठीण प्रयोग. आत गेल्यावर कळतं, भरलंय ते जास्त झालंय. डॉक्टर म्हणतात, "थोडी सोडून या. थोडीच हं." थोडी! हे कौशल्य कुठल्याही योगशिबिरात शिकवत नाहीत. धरण भरल्यावर एक दरवाजा अर्धा फूट उघडून बंद करायला पाटबंधारे खात्याला इंजिनिअर लागतात, आणि इथं माणसानं एकट्यानं, दाराला कडी नसलेल्या संडासात ते करायचं असतं. दहातले आठ जण पूर्ण मोकळे होऊन, अपराधी चेहऱ्यानं बाहेर येतात आणि पुन्हा बाटलीला तोंड लावतात.

प्रोस्टेटवाल्या काकांचं उलटं. त्यांना आधी भरून बघतात, मग मोकळं होऊन यायला सांगतात, मग आत किती उरली ते मोजतात. ज्या दुखण्यासाठी ते आलेत ते हेच आहे, की धरवत नाही आणि सोडवत नाही. काका संडासातून वीस मिनिटं बाहेर येत नाहीत तेव्हा दार वाजवू नका.

बायकांना मात्र या पाठाची फारशी शिकवणी लागत नाही, हे मी बाकड्यावर बसून पाहिलंय. पुरुष पाऊण तासात घायकुतीला येतात. बायका तीन-तीन तास पदराचं टोक बोटाला गुंडाळत शांत बसतात. मावशीला मी विचारलं, हे कसं जमतं? ती म्हणाली, "आयुष्यभर यस्टीनं हिंडलोय बाबा." तुळजापूरच्या जत्रेला, लग्नाला, बाजाराला, ऊसतोडीला जाताना कुठं थांबायची सोय नसायची, आणि होती तिथं आत पाऊल टाकवायचं नाही. म्हणून निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचं आणि पोचेपर्यंत धरायचं. लघवीच्या जागी वारंवार जळजळ होते म्हणून त्यांच्यातल्या बऱ्याच जणी या बाकड्यावर आलेल्या असतात, ही गोष्ट सोनोग्राफीत दिसत नाही.

एक सूचना राहिली. योनिमार्गातून करायची सोनोग्राफी असेल तर लघवी रिकामी लागते. चिठ्ठीवर कुठली लिहिली आहे ते विचारा, नाहीतर तीन तासांची तपश्चर्या पाण्यात जाते.

पाठ तिसरा: पाटी, पेढा आणि शेळी

सोनोग्राफीच्या प्रत्येक खोलीबाहेर एक पाटी असते: इथं गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो कायद्यानं गुन्हा आहे. नवशिक्यानं ही पाटी वाचावी. मुरलेले लोक ती वाचत नाहीत; ते तिच्या खाली उभं राहून विचारतात.

विचारण्याची एक भाषा आहे. "डॉक्टरसाहेब, पेढे आणू का बर्फी?" "कपडे कुठल्या रंगाचे शिवायचे?" "बाळ देवीला गेलंय का भैरोबाला?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की ही युक्ती जगात पहिल्यांदा त्यालाच सुचली. डॉक्टर मान वर न करता एफ फॉर्म पुढं सरकवतात. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीला तो भरावाच लागतो. त्यात आधीची मुलं किती, मुलगे किती, मुली किती, हेही असतं आणि 'मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' अशी तिची स्वतःची सही किंवा अंगठाही असतो. तेव्हा ओळखपत्र न्या आणि 'हे कशाला विचारता' म्हणून काउंटरवर भांडू नका.

असा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्रानं केला, १९८८ साली. केंद्राचा १९९४ चा. विचारणाऱ्या नवऱ्याला किंवा नातेवाइकाला पहिल्याच गुन्ह्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बाईवर घरच्यांनी बळजबरी केली असंच कायदा आधी धरून चालतो, आणि ज्यानं हा कायदा लिहिला त्यानं आपली घरं आतून पाहिलेली होती यात मला शंका नाही. कायदा आल्यानंतरही राज्यात दर हजार मुलग्यांमागं सहा वर्षांखालच्या मुली १९९१ च्या जनगणनेत ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. शेजारच्या बीडमध्ये २०११ ला ८०७. पाटीच्या खाली उभं राहून विचारणाऱ्यांना कुठंतरी उत्तर मिळत होतं.

आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या जुन्या नावाची एक शेळी आहे. जिल्ह्याचं नाव बदललं, तिचं अजून उस्मानाबादीच आहे. काळी, काटक, आणि एका वेताला दोन पिल्लं सहज देणारी. पेढ्याची भाषा बोलणारा हाच माणूस गोठ्यात शेळी व्याली की आधी काय बघतो? पाठ झाली का. दोन्ही पाठी झाल्या तर गावभर सांगतो, कारण कळप वाढतो. बोकड झाला तर बकरी ईदपर्यंत सांभाळायचा आणि विकायचा. मी एकदा एका आजोबांना हा हिशेब बाकड्यावर बोलून दाखवला. ते उठून दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसले.

पाठ चौथा: बाकीच्या तपासण्या, धावत धावत

शुगर: उपाशीपोटीची आठ तासांनी. जेवणानंतरची दोन तासांनी, आणि हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे, स्टँडवरची पानपट्टी संपल्यापासून तर नव्हेच. रोज जेवता तेच खा. रक्त देऊन स्टँडवर आल्यावर सुशीलाच्या दोन प्लेटी आणि वर जिलेबी खाऊन शुगर वाढली म्हणून लॅबला दोष देणाऱ्यांना, आणि आदल्या तीन दिवसांपासून साखर बंद करून 'पास' झालेल्यांना, मी एकाच वर्गात बसवतो.

लघवी: डबी लॅबची घ्या. घरची धुतलेली बाटली आणाल, तर तिच्यात काल मध किंवा खोकल्याचं औषध होतं हे आठवा. सुरुवातीची सोडून द्या, मधली धरा.

बेडका: थुंकी नव्हे, बेडका. टीबीच्या तपासणीला छातीतून खोकून वर आलेला लागतो, सकाळी उठल्या उठल्या. तोंडातलं पाणी देऊन कुणाचीही टीबी आजवर सापडलेली नाही.

एमआरआय: इथं चुंबक असतो, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट जोराचा, आणि तो दिवसरात्र चालूच असतो. जोडवी, मंगळसूत्र, ताईत, चिल्लर, आणि सगळ्यांत आधी बंडीच्या आतल्या खिशातली चुन्याची डबी बाहेर ठेवा. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेली कुठलीही धातूची वस्तू असेल तर आत पाऊल टाकायच्या आधी सांगा. आराधी मंडळींनी देवीच्या कवड्यांची माळही काढून ठेवावी. कवडीला चुंबक ओढत नाही, पण ओवलेल्या तारेचा भरवसा कुणी द्यावा? एक्स-रेला मात्र कवडी पांढरीशुभ्र उमटते, आणि छातीत एवढ्या गाठी कुठून आल्या म्हणून डॉक्टरचाच जीव वर होतो.

पाठ पाचवा: कागद

जुने रिपोर्ट न्या. सगळे. पिवळ्या पिशवीत, तारखेनं लावून. २०२३ नंतर काउंटरवर एक नवा गोंधळ आहे: आधारवर उस्मानाबाद, फॉर्मवर धाराशिव, आणि पेशंट विचारतो, "मग म्या कुठला?" माणूस तोच आहे असं समजून ते पुढं घेतात, काळजी करू नका.

पैशाचं: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट तपासण्या मोफत आहेत. गरोदर बाईला तर त्याच्याही आधीपासून, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला त्यांची खास तपासणी असते. आशाताईला विचारा, तिला जिल्ह्यातल्या कुठल्या यंत्रामागं आज माणूस आहे आणि कुठल्या यंत्रावर कापड आहे, दोन्ही माहीत असतं.

रिपोर्ट हातात आल्यावर तो भर हॉलमध्ये उघडून मोठ्यानं वाचू नका. 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' म्हणजे पहिल्या नंबरचं यकृत नव्हे. आणि 'नॉर्मल' आलं तर हिरमुसू नका. "एवढं पैसं घेतलं आन् काहीच न्हाई निघालं," असं म्हणणाऱ्यांची समजूत घालण्यात माझी तारुण्याची वर्षं गेली.

मावशीला दुसऱ्या दिवशी खडे निघाले, दोन, वाटाण्याएवढे. त्या दिवशी ती खरोखरची उपाशी होती आणि डॉक्टरांनी तेवढ्यासाठी तिचं कौतुक केलं. पिशवीही बघून घेऊ म्हणून तिला दुपारी दीड लिटर पाणी पाजलं. तेही तिनं निमूट पिऊन दाखवलं. संध्याकाळी स्टँडवर आलो. अर्ध्या तिकिटाची बस लागलेली होती, पण सुटायला अर्धा तास होता. उन्हानं तिचे ओठ सुकले होते, म्हणून मी बाटली पुढं केली. तिनं स्टँडच्या कोपऱ्यातल्या मुतारीकडं एकदा बघितलं, बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि माझ्या पिशवीत परत ठेवली.

"आता घरी गेल्यावर," ती म्हणाली.